तंबोरा मिरजेला : पाळण्याच्या नोंदी

५ ऑक्टोबर

काम असं आहे. मावशीचा मोठा तंबोरा गाडीतून मिरजेला न्यायचा, जवारी करून (म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा कानसून आवाज पुन्हा मोकळा करून) परत आणायचा. डिसेंबरात तिच्या शिष्यांची बैठक आहे, त्याआधी तो लागून तयार हवा. जवारी पुण्यातही करून मिळते, चांगली मिळते. पण हा तंबोरा ज्या घरात घडला त्याच घरातला हात त्याला लागला पाहिजे यावर मावशी ठाम आहे, आणि या विषयावर तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

पूर्वी ती महालक्ष्मी एक्सप्रेसने न्यायची. बर्थवर तंबोरा झोपायचा आणि ही रात्रभर शेजारी बसायची. आता गुडघे साथ देत नाहीत. कुरियर हा शब्द मी एकदा उच्चारला. पुन्हा उच्चारणार नाही.

मी चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांचं पॅकेजिंग करतो. कुठला भाग कशात बसवला म्हणजे ट्रकमधून धड पोचेल, हे ठरवणं ही माझी रोजची नोकरी. मावशीचं म्हणणं, "हेडलॅम्प पोचवतोस ना न फुटता? मग हाही पोचव." ठीक आहे. गाडीत तंबोरा निजवायला एक लाकडी पाळणा करतो.

८ ऑक्टोबर

मोजमाप घेतलं. एकूण लांबी १५२ सेंमी. भोपळ्याचा घेर १३४, म्हणजे व्यास साधारण ४३. वजन साडेचार किलोच्या आसपास. एवढ्या मोठ्या वस्तूचं एवढं कमी वजन, हीच यातली मेख आहे. हातात घेतला की हलका लागतो, त्यामुळे उचलणारा बेफिकीर होतो.

पॅकेजिंगवाल्याच्या नजरेने तंबोरा पाहिला तर असा दिसतो. भोपळा म्हणजे पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकणाऱ्या मोठ्या भोपळ्याचं वाळलेलं कवच. गोलाई असल्यामुळे चारी बाजूंनी सारखा दाब आला तर बिनतक्रार सोसतं, पण एका ठिकाणी बोटाएवढा टोकदार दाब आला की तडकतं. दांडी तुनाच्या लाकडाची, आतून पोकळ. भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तो गळा. दांडीच्या टोकाला हिसका बसला तर सगळी तरफ गळ्यावर येते आणि सांधा तिथेच उघडतो. खुंट्या बाहेर आलेल्या, त्यातही बाजूच्या दोन सगळ्यात आधी मार खाणार. भोपळ्याचं सपाट लाकडी झाकण ती तबली, आणि तबलीवर घोडी. मावशीच्या तंबोऱ्याची घोडी तारांच्या दाबानेच उभी आहे, म्हणजे तारा पूर्ण सैल सोडल्या की ती सरकणार.

गाडी आमची साधी हॅचबॅक. पुढच्या डाव्या सीटचं हेडरेस्ट काढून पाठ पूर्ण मागे पाडली आणि मागच्या सीटचा डावा भाग दुमडला, तर डॅशबोर्डपासून डिकीच्या दारापर्यंत सव्वादोन मीटरच्या वर जागा मिळते. मागे उजवीकडे मावशी. ती येणारच.

११ ऑक्टोबर

भोपळा गाडीत नेमका कुठे ठेवायचा, हा पहिला खरा प्रश्न. सगळे सांगतात डिकीकडे, कारण तिथे जागा मोठी. मोबाईलवर फायफॉक्स नावाचं ॲप आहे, त्यात फोनमधल्या सेन्सरवरून हादरे मोजता येतात. फोन आधी डिकीच्या तळाला चिकटवला, मग मागच्या सीटच्या पुढे, मग पुढच्या सीटवर. तोच स्पीड ब्रेकर, तोच वेग. (स्पीड ब्रेकर शोधायला पुण्यात लांब जावं लागत नाही, एवढी एक सोय.) डिकीतला हादरा मधल्या जागेच्या जवळपास दुप्पट निघाला.

कारण सरळ आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधला भाग गाडी वर-खाली होताना सगळ्यात कमी हलतो. मागच्या चाकांच्या पलीकडे जे लटकतं त्याला झोपाळ्याच्या टोकासारखे हेलकावे बसतात. म्हणून भोपळा दुमडलेल्या मागच्या सीटवर, मागच्या चाकांच्या जरा पुढे, आणि दांडी पुढच्या पाडलेल्या सीटवरून डॅशबोर्डच्या दिशेने. खुंट्यांचं टोक डॅशबोर्डपासून हातभर तरी मागे राहिलं पाहिजे, कारण तिथे एअरबॅग आहे. ती उघडली तर तंबोऱ्याचं काय होईल याचा विचार करायचा नाही, अंतर ठेवायचं.

१३ ऑक्टोबर

कंपनीच्या उघड्या पार्किंगमध्ये गाडीत थर्मामीटर ठेवून दुपारी पाहिलं. मागच्या सीटवर ५२ अंश. बाहेर साधं ऑक्टोबरचं ऊन. जुन्या तंबोऱ्याचे सांधे सरसाने जोडलेले आणि वर चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश. एवढ्या तापमानात सरस ढिला पडू लागतो आणि पॉलिश इतकं मऊ होतं की कापडाची वीण त्यावर उठते. ठरलं : पहाटे निघायचं आणि वाटेत गाडी उन्हात उभी करायची नाही, चहासाठी सुद्धा.

१८ ऑक्टोबर

खरेदी. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १२ मिमीचा प्लाय, तिथेच पट्ट्या कापून घेतल्या. बोहरी आळीतून स्क्रू, बिजागऱ्या, बकलं. नाना पेठेत सीट कव्हरवाल्याकडून ३२ डेन्सिटीचा फोम.

फोमबद्दल जरा लिहून ठेवतो, कारण सगळ्यांचा गैरसमज इथेच असतो. मऊ म्हणजे सुरक्षित, असं नाही. सोफ्यातला लिबलिबीत फोम तंबोऱ्याच्या वजनाने आधीच अर्धा दबतो, आणि खड्डा आला की उरलेला दबून वस्तू थेट फळीवर आपटते. फार कडक घेतला तर हादरा जसाच्या तसा वर जातो. वस्तू ठेवल्यावर जो थोडासाच दबतो आणि दबायला पुष्कळ बाकी राहतो, तो योग्य. दुकानदार म्हणाला, वरून रेक्झिन लावून देतो, दिसायला झकास. नको म्हटलं. रेक्झिन मऊ ठेवायला त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते हळूहळू चपड्यात उतरतं आणि पॉलिश चिकट होतं. नुसता फोमही पॉलिशला टेकू द्यायचा नाही. मध्ये सुती कापड, तेही धुवून खळ घालवलेलं. मावशीने कपाटातून एक विरलेलं धोतर काढून दिलं. कोणाचं ते विचारलं नाही.

बांधायच्या पट्ट्यांसाठी दुकानात रॅचेटवाले बेल्ट दाखवले. ट्रकवर माल आवळायला उत्तम, इथे उपयोग नाही. दोन खटके जास्त फिरवले की गळ्याचा सांधा गेलाच. सुती नवार घेतली.

१९ ते २५ ऑक्टोबर

दिवाळी. काम बंद. फराळाच्या वेळी आतेभावाने पाळण्याचं सामान बघून "यात कोण झोपणार" असं विचारलं, एवढंच.

२६ ऑक्टोबर

पाळणा उभा राहिला. तळाला प्लायची लांब फळी, तिच्यावर तीन ठिकाणी आधार.

भोपळ्याखाली चुंबळ. गोधडीच्या कापडात कापूस ठासून शिवलेली, आतली पोकळी २४ सेंमी. त्यामुळे भोपळा त्या कडीवर बसतो, वजन गोल पसरतं आणि त्याची सगळ्यात फुगीर जागा फळीला टेकतच नाही, खाली दोन बोटं अंतर राहतं. तंबोरा तबली वर करून ठेवायचा, म्हणजे घोडीवर कशाचाच दाब नाही.

गळ्याखाली दुसरा आधार. प्लायची खोबण, आत फोम, वर धोतराचा तुकडा. तिसरा दांडीखाली, खुंट्यांच्या बराच अलीकडे. या दोन्हींची उंची आधी कागदावर ठरवली नाही. तंबोरा चुंबळीवर अलगद टेकवला, दांडी आपोआप जिथे आली तिथे आधार नेऊन भिडवले. उलट केलं, म्हणजे आधार आधी ठोकून दांडी त्यात दाबली, तर गळ्यावर कायमचा पीळ राहतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

बांधायची पट्टी एकच, गळ्यावरून. पण तिथून तारा जातात. म्हणून नवार तारांच्या खालून, तारा आणि लाकूड यांच्या मधून ओवायची आणि बाजूला बकल. ते काम मावशीच करते, मला हात लावू देत नाही. भोपळ्यावरून किंवा तबलीवरून काहीही बांधायचं नाही.

आणि तंबोरा गाडीला बांधायचाच नाही. गाडीने पाळणा धरायचा आणि पाळण्याने तंबोरा. पाळणा मागे आयसोफिक्सच्या (लहान मुलांची सीट अडकवायच्या) लोखंडी कड्यांना आणि पुढे डाव्या सीटच्या बेल्टला अडकवला. बेल्ट लावल्यामुळे सीटवर वजन आलं की होणारी पिपाणीही बंद झाली.

हिशोब : कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला तर गाडी साधारण ०.८ जीपर्यंत मंदावते, म्हणजे आतल्या वस्तूला तिच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढे ओढतो. पाळणा आणि तंबोरा मिळून तेरा किलो, म्हणजे पुढे जायचा जोर दहा-अकरा किलोंचा. कडी आणि बेल्ट हा जोर सहज घेतात. हीच ओढ भोपळ्यावरच्या पट्टीवर आली असती, तर तो हिशोब मांडायचीही गरज नव्हती.

२ नोव्हेंबर

चाचणीला खरा तंबोरा कोण देणार? कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून साधारण त्याच घेराचा माठ आणला, त्याला सुतळीने बांबू आवळला, वजन जुळवायला माठात थोडी वाळू. सोसायटीतल्या लोकांनी काहीबाही अंदाज बांधले असणार.

सिंहगड रस्त्याने खडकवासल्यापर्यंत जाऊन आलो. मुद्दाम एकदा डावं चाक खड्ड्यात घातलं. माठ चुंबळीवर जागेवर बसून राहिला. पण वळणावर बांबूचं टोक बाजूला सरकत होतं. खड्ड्यापेक्षा मला याची चिंता जास्त. वर-खाली हादरा सगळ्यांच्या डोक्यात असतो, आडवा झोक कोणी धरत नाही, आणि दीड मीटरच्या दांडीच्या टोकाला तो मोठा होतो. दांडीखालच्या आधाराचे दोन्ही कान चार बोटं उंच केले आणि आतून कापडाच्या गुंडाळ्या भरल्या, दांडीला चिकटून पण न दाबता. परत येताना बांबू हलला नाही.

खुंट्यांना टोपी केली. फरसाणाची मोठी प्लॅस्टिक बरणी, तळ कापलेली, आत कापड. खुंट्यांना कशाचाही स्पर्श नाही, बाहेरून काही आपटलं तर बरणी खाते.

९ नोव्हेंबर

जिना. मावशीचं घर सदाशिव पेठेतल्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, प्रत्येक मजल्याला काटकोनात वळण, आणि वळणावर कोणाची तरी सायकल. हायवेवर काही होईल असं मला वाटत नाही, इथे होऊ शकतं. गवसणीत, म्हणजे तंबोऱ्याच्या कापडी खोळीत, रिकाम्या बांबूचा सराव केला. एक हात गळ्याला, दुसरा भोपळ्याच्या खाली, दांडी खांद्याच्या बाजूने वर. उतरताना भोपळा पुढे. एकट्यानेच धरायचा, दोघांनी नाही. दोघे असले की वळणावर एक थांबतो आणि दुसरा चालत राहतो. दुसऱ्याने रिकाम्या हाताने पुढे उतरायचं, दारं उघडायची, सायकल हलवायची आणि "सावकाश, सावकाश" म्हणणं टाळायचं.

१४ नोव्हेंबर

रात्री तारा उतरवल्या. मावशीने प्रत्येक तार दोन-अडीच स्वर खाली घेतली, त्याहून जास्त नाही. घोडी उभी राहील एवढा दाब ठेवला. घोडीच्या पायांभोवती पेन्सिलीने अगदी पुसट खूण केली, सरकलीच तर जागा सापडावी. तारांतले सूर बारीक जुळवायचे मणी घोडीपासून लांब सारून ठेवले, जवारीचे दोरे (घोडीवर तारांखाली सारतात ते) काढून पाकिटात. तारा आणि तबलीच्या मध्ये रुमालाची घडी. मग गवसणी.

१५ नोव्हेंबर

पहाटे पाचला निघालो. स्वारगेटवरून कात्रज, मग सातारा रस्ता. खेड शिवापूरच्या टोलनाक्याआधीच्या आडव्या पट्ट्यांवरून वेग अगदी कमी केला. त्या पट्ट्यांचा खडखडाट एका खड्ड्यापेक्षा वाईट, कारण तो लागोपाठ येतो. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून काय ते मत दिलं. खंबाटकी घाटात वळणावळणाने चढताना मी एकदा मागे पाहिलं तर मावशीचा हात गळ्यावर. "पट्टी आहे ना?" "असू दे."

साताऱ्यापुढे ऊन वर आलं. एसी लावला, पण झोत वरच्या दिशेने, तंबोऱ्यावर थेट नाही. थंड कोरडी हवा एकाच बाजूला लागत राहिली तर लाकूड एका बाजूने आकसतं. कराडच्या अलीकडे एका झाडाखाली थांबलो, थर्मासमधला चहा गाडीतच घेतला. पेठ नाक्यावरून आत वळल्यावर रस्ता जसा होता तसा होता, तिथे चाळीसच्या वर गेलो नाही. दुपारच्या आत मिरज.

सतारमेकर गल्लीत गाडी आत जाईना, शेवटचा भाग हातात धरूनच न्यावा लागला. दुकानात भोपळे छताला टांगलेले, काही कापलेले, काही अख्खे. इथे सतारी घडवणाऱ्या फरीदसाहेबांपासून दीडशे वर्षांहून जास्त काळ या गावात हे काम चालू आहे, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. कारागीर चाचांनी आधी तंबोऱ्याकडे पाहिलं, मग पाळण्याकडे. चुंबळीवर हात दाबून बघितला. म्हणाले, "बरोबर केलं. भोपळा बांधायचा नसतो साहेब, बसवायचा असतो." परगावी पाठवायचे तंबोरे ते लाकडी खोक्यात भरपूर पेंढा भरून पाठवायचे, आता परदेशी गिऱ्हाईक फायबरच्या केस मागतात. पेंढा अजूनही वाईट नाही, असं त्यांचं मत, आणि ३२ डेन्सिटीवाल्याचंही, म्हणजे माझंही, त्यावर काही म्हणणं नाही.

जवारी कशी गेली तेही दाखवलं. घोडीचा वरचा भाग सपाट दिसतो पण किंचित उतरता असतो. तार त्याला जिथे घासत सुटते तिथे तो झणत्कार निघतो. वर्षानुवर्षं वाजवून तारांनी हाडाच्या घोडीत बारीक चऱ्या पाडलेल्या. तार चरीत बसली की मोकळी घासत नाही, आवाज बसका येतो. चाचांनी कानस घेतली, दोन-चार हात फिरवले, फुंकर मारून पांढरी भुकटी उडवली, तार छेडली, मान हलवली, पुन्हा कानस. त्यात अर्धा मिलिमीटरही हाड जात नसेल. गळ्यापाशी पॉलिशला एक केसाएवढी रेघ दिसली, ती जुनी, सांधा पक्का आहे. तरी पॉलिशला हात मारायचा म्हणून आठवडाभर ठेवून घेतला. मावशी दुकानातून निघेना.

२२ नोव्हेंबर

परत आणला. नवं काही नाही, फक्त येताना खंबाटकीचा बोगदा लागतो, घाट नाही. बोगद्यातून बाहेर पडल्यावर उताराला जे वळण आहे तिथे सगळे दामटतात. मी डावीकडच्या लेनमध्येच राहिलो. नवले पुलाच्या उतारावरही तेच. नव्या पॉलिशचा वास गाडीत भरलेला, म्हणून चुंबळीवर आणि आधारांवर धुतलेलं धोतर पुन्हा बदललं आणि तापमानावर नजर ठेवली, ताजं पॉलिश जुन्यापेक्षा लवकर उमटतं. जिना चढताना सायकल होतीच.

२३ नोव्हेंबर

रात्रभर गवसणीतच ठेवला होता, घरच्या हवेला सरावायला. सकाळी घोडीची खूण तपासली, जागेवर. मग मावशीने हळूहळू तारा चढवल्या. आधी जोड (मधल्या दोन तारा), मग पंचम, शेवटी पितळेचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार. एक तार चढली की बाकीच्या थोड्या उतरतात, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. शिष्य मुलगे याच्यावर काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, गातात, तिथे आणून ठेवला. दोरे सारून जवारी उघडली. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार स्वच्छ ऐकू आला, मला सुद्धा, आणि माझे कान पत्रा ऐकणारे. संध्याकाळी थोडा उतरला होता, पुन्हा लावला. दोनेक दिवस असं होणार, त्यात काळजीचं काही नाही.

२९ नोव्हेंबर

उरलेली कामं. दांडीच्या आधाराचे स्क्रू प्रवासात एक आटा सैल झाले होते, तिथे नायलॉनच्या नट घातल्या. नवारीच्या बकलाची धातूची कड उघडी आहे, तिला कापडी पिशवी शिवायची. बैठकीच्या दिवशी तंबोरा पेठेतून कोथरूडला जाणार, अंतर थोडं पण गर्दी जास्त, आणि तेव्हा मागे मावशीबरोबर तबलाही असणार. तबल्याची पेटी पाळण्याला टेकता कामा नये, म्हणून मध्ये प्लायची आडवी फळी लावतो आहे.

मावशीच्या एका गुरुभगिनीला पाळणा हवाय. तिचा तंबोरा लेडीज, म्हणजे बायकांच्या आवाजासाठीचा, चार फुटी, घेर कमी. चुंबळ वेगळी लागेल आणि गळ्याचा आधार पुढे-मागे सरकवता आला पाहिजे. फळीत खाच पाडून पंखनट लावले की होईल. उरलेला प्लाय पुरतो, फोम पुन्हा आणावा लागेल.